बक्षिसाचे गुण आणि उधारीचे ओझे

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, ज्याने उपजीविकेची दारे उघडली आणि हलाल व हराम यांच्या सीमा स्पष्ट केल्या. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी नमाज-रोजाबरोबरच देण्याघेण्याचा व्यवहारही आपल्याला शिकविला.



गेल्या वर्षी एका जुमाच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण माझ्यापाशी थांबला. चांगली नोकरी, पाच वेळची नमाज, आईवडिलांची सेवा, असा हा मुलगा. त्याच्या पाकिटात चार क्रेडिट कार्डे होती. किराणा एका कार्डावर, पेट्रोल दुसऱ्यावर, ऑनलाइन खरेदी तिसऱ्यावर. चौथे रुपे कार्ड यूपीआयशी जोडलेले, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातही तेच चालावे. त्याने सारा हिशोब मांडला होता. म्हणाला, “मौलाना, महिन्याला ३०,००० रुपये खर्च तर होणारच. तोच खर्च योग्य कार्डांवर वाटला की सरासरी दोन टक्के, म्हणजे ६०० रुपये परत मिळतात. बिल मी मुदतीत पूर्ण भरतो. व्याजाचा एक पैसा देत नाही. मग यात हरकत कोणती?”

हा प्रश्न आज अनेक घरांत आहे, आणि तो प्रामाणिक आहे. काटकसर करणे इस्लामला प्रिय आहे. सवलत घेणे गुन्हा नाही. म्हणून या प्रश्नाला केवळ ‘हराम आहे’ किंवा ‘चालते’ असे एका शब्दात उडवून लावणे योग्य नव्हे. आपण तो क्रमाने पाहू.

प्रथम या वस्तूचे स्वरूप ओळखू या. क्रेडिट म्हणजे उधार. आपण कार्ड दाखवितो तेव्हा दुकानदाराला पैसे बँक देते आणि त्या क्षणी आपण बँकेचे कर्जदार होतो. बिलाच्या मुदतीपर्यंत, साधारणतः २० ते ५० दिवस, हे कर्ज बिनव्याजी असते. परंतु कार्ड घेताना ज्या करारावर आपण सही करतो, त्यात स्पष्ट लिहिलेले असते की मुदत चुकली तर मी व्याज देईन. येथेच शरीअतचा पहिला प्रश्न उभा राहतो. व्याज दिले की नाही हा नंतरचा भाग. व्याज देण्याचे वचन मात्र आपण आधीच देऊन बसलो आहोत.

आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००० साली रियाध येथील बाराव्या अधिवेशनात याच मुद्द्यावर निर्णय दिला. ज्या कार्डाच्या करारात व्याजाची अट आहे ते घेणे वैध नाही, मग कार्डधारकाचा इरादा मुदतीत पूर्ण रक्कम भरण्याचा का असेना, असा त्या निर्णयाचा आशय आहे. दुसरीकडे, काही मुफ्ती गरज असेल तेथे आणि मुदतीत पूर्ण रक्कम भरण्याची खात्री असेल तरच कार्ड वापरण्यास मुभा देतात. मतभेद आहे हे मी लपविणार नाही. परंतु लक्षात घ्या, मुभा देणाऱ्यांनीही ती गरजेसाठी दिली आहे, चार कार्डांचा संच जमविण्यासाठी नव्हे. आपण ज्या मुफ्तींवर विश्वास ठेवता त्यांना आपली परिस्थिती सांगून विचारा; सोयीचे उत्तर मिळेपर्यंत दारे बदलत राहू नका.

आता बक्षिसाच्या गुणांविषयी. कर्ज देणाऱ्याने कर्जाच्या बदल्यात लाभ घेतला तर तो रिबा ठरतो. येथे लाभ कर्जदाराला मिळतो. म्हणून हे गुण स्वतः व्याज नाहीत, त्यांना भेटीचे किंवा सवलतीचे स्वरूप आहे, असे अनेक उलमांचे मत आहे. मी त्या तरुणाला हेही सांगितले. त्याचा चेहरा उजळला. मग मी विचारले, “भाई, हे ६०० रुपये येतात कोठून?”

तो गप्प राहिला. बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारा. कोणतीही बँक आपल्या खिशातून सदका वाटत नाही. या पैशाचा एक भाग दुकानदाराकडून येतो. कार्डावरच्या प्रत्येक विक्रीमागे त्याच्या रकमेतून काही टक्के कापले जातात, आणि ती तूट तो बहुधा मालाच्या किमतीत मिळवितो. ती किंमत रोख पैसे मोजणारी मोलकरीणही देते. दुसरा भाग वार्षिक शुल्कातून येतो. आणि तिसरा भाग येतो त्या लोकांकडून, ज्यांना बिल पूर्ण भरणे जमत नाही.

त्यांची अवस्था पाहा. आपल्या देशात क्रेडिट कार्डावरील व्याज बहुधा दरमहा तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के असते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला, त्यामुळे ती मर्यादाही आता उरलेली नाही. समजा, एखाद्याने ४०,००० रुपयांच्या बिलापैकी ‘किमान देय’ म्हणून पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये भरले. उरलेल्या ३८,००० रुपयांवर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज १,३३० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी सुमारे २३९ रुपये. पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा २,००० रुपये भरले, तर त्यांतले १,५६९ रुपये व्याजात आणि करात गेले. मूळ कर्ज कमी झाले अवघे ४३१ रुपयांनी. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते. मिठाच्या पुडीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चढू लागते. “उधारीचे पोते, सव्वा हात रिते” असे आपल्या मराठीत म्हणतात, ते उगीच नव्हे.

दिव्य कुरआनने अशा तंगीत सापडलेल्या कर्जदाराविषयी सूरह अल-बकराच्या २८०व्या आयतीत आदेश दिला आहे की त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी, आणि कर्ज माफ करणे तर अधिकच चांगले. ज्याला सवड देण्याचा आदेश आपल्याला आहे, त्याच्याच अडचणीतून पिळलेल्या पैशाचा अंश आपल्या बक्षिसात मिसळत असेल, तर ते बक्षीस कितीही कायदेशीर असो, मोमिनच्या मनाला ते टोचले पाहिजे. प्रेषितांनी (स.) शिकविले आहे की हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, आणि त्यांच्यामध्ये काही संशयास्पद गोष्टी आहेत, जो त्यांपासून दूर राहिला त्याने आपला धर्म आणि आपली अब्रू वाचविली.

तिसरी गोष्ट मनाची. गुण मोजणारा माणूस हळूहळू खर्च मोजणे सोडून देतो. अमुक रकमेची खरेदी झाली तर वार्षिक शुल्क माफ, तमुक टप्पा गाठला तर भेट. मग वर्षअखेरीस गरज नसलेली वस्तू घरात येते आणि तिला आपण ‘बचत’ म्हणतो. ६०० रुपये वाचविण्यासाठी ३,००० रुपये अधिक खर्चणे याला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. कुरआनने उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे.

आणि कर्ज ही साधी गोष्ट नाही. प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचे शरण मागत. कोणी कारण विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की माणूस कर्जात पडला की बोलताना खोटे बोलतो आणि वचन देऊन मोडतो. एकदा एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काही ठेवलेले नव्हते. प्रेषितांनी (स.) स्वतः नमाज न पढता सहाबांना पढण्यास सांगितले. हजरत अबू कतादा (रजि.) पुढे झाले, कर्जाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली, तेव्हाच प्रेषितांनी (स.) नमाज पढविली. अवघे तीन दीनार! आणि आपण चार पाकिटांत चार कर्जे घेऊन हसतमुखाने फिरतो.

त्या तरुणाने त्या दिवशी माझे ऐकून घेतले, पण कार्डे ठेवली. मीही आग्रह धरला नाही. सहा महिन्यांनी तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्या हातात हिशोबाचा कागद नव्हता. आईची शस्त्रक्रिया झाली होती. इस्पितळाचे पैसे चारही कार्डांवरून भरले गेले होते. पगार पुरेना, किमान देय भरणे सुरू झाले होते. घरी कोणालाच सांगितलेले नव्हते. खाली मान घालून म्हणाला, “मौलाना, गुण अजून मिळतात.” या वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले. कारण चूक त्याची एकट्याची नव्हती. शेजारी बसून नमाज पढणाऱ्या आम्हा सर्वांपैकी एकाचेही दार ठोठावण्याआधी त्याला बँकेचे दार आठवले होते.

त्या रात्री त्याने वडिलांना सर्व सांगितले. जमातीतील चार कुटुंबांनी मिळून कर्जे-हसना दिले. कुरआनच्या आदेशाप्रमाणे ते लिहून ठेवले, साक्षीदार घेतले. सर्वांत जास्त व्याजाचे कार्ड आधी फेडले, मग उरलेली. आज तो दरमहा ठरलेली रक्कम परत करतो, आणि तिच्यावर एक रुपयाही चढत नाही.

म्हणून प्रिय वाचकहो, काही गोष्टी मनात धरा. दैनंदिन खर्चासाठी डेबिट कार्ड किंवा आपल्या खात्यातून थेट यूपीआय पुरेसे आहे; त्यात आपण आपलाच पैसा खर्चतो. कार्ड खरोखर गरजेचे असेल, तर मुफ्तींना विचारून एकच ठेवा, आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होईल अशी सूचना बँकेला द्या. ‘किमान देय’ हा पर्याय कधीही निवडू नका. नको असलेली कार्डे बंद करा. बाकी नसेल तर विनंती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केले आहे. जो आधीच कर्जात आहे, त्याने ते घरच्यांपासून लपवू नये. लपविलेले कर्ज अधिक वेगाने वाढते.

आणि ज्यांना अल्लाहने सवड दिली आहे, त्यांना माझी विनंती आहे. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातचे आठ हक्कदार सांगितले आहेत. कर्जात बुडालेला माणूस त्यांपैकी एक आहे. या रमजानमध्ये जकात काढताना आपल्या गल्लीत असा कोणी आहे का, हे अवश्य शोधा. तो मागायला येणार नाही. त्याचे कपडे स्वच्छ असतील, पाकिटात चमकदार कार्डे असतील.

हे अल्लाह, आम्हाला हलाल देऊन हरामपासून निश्चिंत कर. कर्जाच्या ओझ्यापासून आमची सुटका कर, आणि तंगीत सापडलेल्या भावाचे दार ठोठावण्याची बुद्धी आम्हाला दे. आमीन.