बाय चान्स

रामनगरच्या थांब्यावर जोयड्याची गाडी कधी येईल म्हणून विचारले, तर शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, "बाय चान्स आली तर येईल." इंग्रजी शाळेचे तोंडही न पाहिलेला माणूस. पण शब्द अगदी पानसुपारीइतका घरचा.

मराठीत चान्स आला तो मुळात संधी म्हणून. 'एक चान्स द्या', 'चान्स मारला'. 'चान्सच नाही' म्हणताना तो शक्यता होतो आणि 'बाय चान्स'मध्ये योगायोग. "बाय चान्स तुझ्याकडे चार्जर आहे का?" यात तर योगायोगही नाही, नुसता संकोच आहे. मागायचे, पण मागतोय असे दिसू द्यायचे नाही, ही साहेबाची लकब. आपल्याकडे हे काम 'आहे का हो?'मधला 'हो' कधीपासून करतो आहे.

चान्सचे मूळ लॅटिन 'कादेरे', म्हणजे पडणे. आपल्याकडेही दान पडते, गाठ पडते, काकतालीय न्यायात कावळा बसतो आणि ताडाचे फळ पडते. कोणी पाडले, हे या शब्दांत कुठेच येत नाही.

फासे मात्र इथल्याच रानात आहेत. काळी नदीच्या खोऱ्यात बेहड्याची झाडे दिसतात. वेदकाळात बेहड्याचे फळ हाच फासा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त त्याच्याच नादी लागलेल्या जुगाऱ्याचे. वाळलेले फळ हातावर घेऊन बघा: करडे, मखमली लव, किंचित पाच धारा. त्यावर ना ठिपके, ना छापा-काटा. मग खेळत कसे? अभ्यासकांचा तर्क असा, की मूठभर उचलून मोजायची. चाराने नि:शेष भाग गेला तर कृत; बाकी तीन, दोन, एक उरली तर त्रेता, द्वापर, कली. म्हणजे आपण ज्याच्या नावाने बोटे मोडतो ते कलियुग, हरलेल्या डावाचे नाव.

महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या फांद्यांवरची पाने-फळे किती ते सांगतो. फाशांत राज्य हरून त्याचा सारथी झालेल्या नलाचा विश्वास बसत नाही. तो उतरून मोजतो आणि आकडा जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो, तसा नलाला झपाटलेला कली त्याच्या अंगातून निघून बेहड्यात शिरतो. गणिताने साडेसाती सुटल्याची याहून जुनी गोष्ट मला माहीत नाही. युरोपात पास्कल आणि फर्मा यांनी डावाच्या वाटणीवर पत्रे लिहिली ती 1654 साली. संभाव्यतेच्या इतिहासावर लिहिताना इयान हॅकिंग यांनी नलाच्या या कथेची आवर्जून दखल घेतली आहे.

गोवा-कारवारच्या देवळांतले पडणे वेगळे. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार. इथे पाकळी आपोआप पडत नाही, देव बोलतो, कौल देतो. 'कौल' हा शब्दच अरबी, अर्थ वचन. शिवकाळात रयतेला अभय देणारा कौल निघे. आता मतदार कौल देतात. गोव्याने 16 जानेवारी 1967 ला दिला तो जनमत कौलच. देवाकडचा शब्द राजाकडे गेला की उलटे झाले, ते मला सांगता येणार नाही, पण शेवटी तो लोकांच्या हाती आला एवढे खरे.

गाडी येईना, म्हणून आजोबांशी बोलत बसलो. त्यांचे गाव काळीवरच्या सुपा धरणाखाली गेलेले. "नशिबात होतं," एवढेच म्हणाले. धरण 101 मीटर उंच, 1987 मध्ये पुरे झाले. उंची, जागा, बुडणारी जमीन, सगळे कागदावर आधी आखलेले होते. यात बाय चान्स काहीच नव्हते, आणि कौलही कोणी लावला नव्हता. जुने सुपा बुडाले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली.