तुडूम उघडणारा हात

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नवेगाव बांधच्या पाळीवर चालत होतो. मामाजी दोन पावलं पुढे, मी मागे. हलक्या धानाची कापणी लागली होती. खालच्या बांध्यांमधून ओल्या तणसाचा वास पाळीवर चढत होता. उजव्या हाताला तलाव, त्यापलीकडे टेकड्या, आणि टेकड्यांच्या पायथ्याशी पाणकोंबड्यांची बारीक कुरबुर.

मामाजी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. जवळजवळ सगळी नोकरी गडचिरोलीच्या जंगलात गेली. मी नागपूरच्या खंडपीठात वकिली करते. त्या दिवाळीत घरोघरी एकच विषय होता. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांच्या पॉलिट ब्यूरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली होती. मी मामाजींना विचारलं, तुम्हाला काय वाटलं?

"बरं वाटलं," ते म्हणाले. "तुले राग आला का?"

"राग नाही, मामाजी. पण ज्या गावांत खबऱ्या म्हणून माणसं मारली, त्यांच्या बायकांना कुणी विचारलं का, की याला माफ करायचं का? सरकारला स्वतःच्या वतीने माफ करता येईल. त्यांच्या वतीने कसं करता येईल?"

"लाहेरीले माहे सोबती गेले. २००९, ऑक्टोबरची ८ तारीख. सतरा जन. त्यातल्या दोघांच्या घरी मी सोता गेलो होतो निरोप घेऊन. मी कोनाच्या वतीने बोलू शकतो का नाई?"

मी गप्प झाले. ते पुढे बोलले, "उद्या अठरावा जाऊ नये म्हनून त्या मानसाले कोनी खुर्चीवर बसवलं तरी मी हाव म्हनीन. न्याय मेलेल्याले भेटते का? जगनाऱ्याले भेटते."

हा युक्तिवाद मी पुस्तकांत पुष्कळ वाचला आहे. आपल्या राज्यात तो एकदा वापरूनही झाला आहे. १९४८ मध्ये रझाकारांनी मराठवाड्यात गावं जाळली. पोलीस कारवाईनंतर त्यांचा म्होरक्या कासिम रझवी तुरुंगात गेला, आणि ज्याच्या राजवटीत हे घडलं तो निजाम १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. त्या कारवाईच्या वेळी आणि नंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा भागांत जे मुसलमान मारले गेले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली, सबंध हैदराबाद राज्यातल्या मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या घरात सांगितला, आणि तो अहवाल कैक दशकं सरकारी कपाटात राहिला. दोन्हीकडच्या मेलेल्यांचा हिशेब शांततेच्या नावाने मिटवला. मी हे मामाजींना सांगितलं.

"मंग शांतता झाली का नाई?"

"झाली. पण जळालेल्या घरातल्यांना त्या शांततेची किंमत कुणी विचारून घेतली नाही."

मामाजी थांबले. खाली तुडूम होतं, तलावाचं पाणी सोडायचं तोंड. कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला तेव्हापासून या मुलखात पाणी सोडायचं काम पाणकराचं. आता पाटबंधारे खात्याचं लोखंडी दार आणि चाक आहे. पण मामाजींच्या लहानपणी आसपासच्या मालगुजारी तलावांवर पाणकर पाण्यात उतरून तुडमाचं तोंड मोकळं करायचा.

"मले एक सांग," ते म्हणाले. "समज, मालगुजार म्हनते, आज रातच्याले तुडूम खोल. पानकर खोलते. खालच्या बांधीत कोनी झोपून आहे, तो वाहून जाते. खुनी कोन?"

"दोघंही."

"अर्धा-अर्धा?"

"नाही. दोघंही पूर्ण. गुन्हा म्हणजे बापजाद्यांची शेती नाही, मामाजी, की हिस्से पाडले की प्रत्येकाच्या वाट्याचं कमी होतं. पाणकराला ठाऊक असेल की खाली माणूस आहे, तर हुकूम होता एवढ्यावर तो सुटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला हेच ठरलं. आणि हुकूम देणारा तर त्याहून सुटत नाही."

"आन् मालगुजार म्हनते, मले मालूमच नोतं?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला, पण कायद्याचं सगळं घोडं तिथेच अडतं. जपानी सेनापती यामाशिता याच्या फौजेने फिलिपिन्समध्ये हजारो नागरिक मारले. तो म्हणाला, माझा फौजेशी संपर्कच तुटला होता. अमेरिकी लष्करी न्यायासनाने त्याला दोषी ठरवलं आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये फाशी दिली. त्याने हुकूम दिला किंवा त्याला ठाऊक होतं हे नीट सिद्ध झालं नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी तेव्हाच लिहून ठेवलं. मला ते दोन न्यायमूर्ती पटतात. पुढच्या कायद्याने सेनापतीसाठी माप ठरवलं: ठाऊक होतं, किंवा ठाऊक असायला हवं होतं. पण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या करारात मुलकी नेत्यासाठी तेच माप सैल आहे. समोर आलेल्या माहितीकडे त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली, हे दाखवावं लागतं. म्हणजे जो जितका वर आणि जितका लांब, त्याच्यासाठी चाळणीची भोकं तितकी मोठी. त्या करारात भारत नाहीच.

"आन् आपल्याकडे?"

"आपल्याकडे पहिल्या पायरीवरच कुलूप आहे. सरकारी माणसाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी खटला भरायचा तर सरकारचीच मंजुरी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं २१८. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेने ते निवड समितीकडे पाठवलं, आणि लोकसभेची मुदत संपल्यावर तेही संपलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा मसुदा दिला. तो तसाच आहे."

माझा आवाज चढला होता. आमच्या इथून जवळ वडसा देसाईगंज. १९७२ मध्ये तिथल्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांना सोडलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आमच्या पिढीच्या वकील बायांना ते प्रकरण तोंडपाठ असतं. पण तिथेही प्रश्न दोन शिपायांपाशीच थांबला होता. त्यांना कशाचीच भीती का वाटली नाही, हे कुणाला विचारायचं?

पलीकडे छत्तीसगडात तर हे उघड्यावर झालं. माओवाद्यांविरुद्धच्या सलवा जुडूमसाठी गावातल्या पोरांना विशेष पोलीस अधिकारी केलं, हातात बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. धोरण घटनाबाह्य ठरलं, पण ते धोरण आखणारा कुणी आरोपी झाला नाही. जुडूमचे नेते महेंद्र कर्मा यांना माओवाद्यांनी मे २०१३ मध्ये झिरम घाटीत मारलं. मला त्या खुनाचा आजही संताप येतो, आणि तो फक्त एका माणसाच्या जिवासाठी नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ज्याला उत्तरं द्यावी लागली असती, त्याची उत्तरं बंदुकीने कायमची पुसली. सारकेगुड्याला जून २०१२ मध्ये १७ माणसं सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी मेली. न्यायमूर्ती अग्रवाल आयोगाने २०१९ मध्ये सांगितलं की ती माओवादी असल्याचा पुरावा नाही. आयोग मेलेल्यांबद्दल बोलला. गोळी चालवणाऱ्यांच्या वर कोण होतं, तिथवर शिडी गेली नाही.

मामाजी पाळीच्या दगडावर बसले. पाण्यावर अंधार उतरत होता.

"त्या पानकराचं मी उगाच नाई इचारलं," ते म्हणाले. "त्र्याण्णवची गोष्ट असन. तवा आपला गाव भंडारा जिल्ह्यात होता. मी एका ठान्यात शिपाई. कोनतं ते राहू दे. एका पोराले उचलून आनलं. अठरा-एकोनीस वर्साचा. नक्षलवाद्यांले भात खाऊ घातला म्हने. बंदूकवाले रातच्याले दारात उभे राहिले त कोन नाई खाऊ घालन? साहेबाले फोन आला. साहेब उभा राहून बोलत होता, जी भाऊ, हाव भाऊ, उद्यापर्यंत होते भाऊ. मंग मांगच्या खोलीत नेलं त्याले. लाइन गेली होती."

ते थांबले. मी काही विचारलं नाही.

"मी मारलं नाई, बाई. मी कंदील धरला. हात हालला की साहेब म्हने, नीट धर बे. रातभर नीट धरला."

"मग?"

"सकारी त्याले गाडीत टाकून नेलं. सुटला, घरी गेला. पन उजव्या हाताची मूठ मिटत नोती, असं आयकलं. त्याच्या चपला ठान्याच्या व्हरांड्यात राहिल्या. रबरी. एकीचा पट्टा तारीनं बांधून होता. दोन दिवस मी येता-जाता पाहे. तिसऱ्या दिवशी झाडूवाल्यानं फेकल्या. आन् स्टेशन डायरी मी लिहिली. माह्या अक्षरात. इसम पडून जखमी."

आता बोलायचं होतं ते मला वकील म्हणून नाही, भाची म्हणून बोलायचं होतं, आणि जमत नव्हतं. कबुलीसाठी दुखापत करणं हा भारतीय दंडसंहितेच्या ३३० आणि ३३१ कलमांखालचा गुन्हा. शिक्षा ७ वर्षं, जबर दुखापत असेल तर १०. इतक्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीचा अडसर नाही. म्हणजे तीस वर्षांनीही खटला होऊ शकतो, आणि त्यात सगळ्यात सहज हाती लागणारा आरोपी माझ्यासमोर दगडावर बसला होता.

"तो भाऊ कोण होता, ठाऊक आहे?" मी विचारलं.

"मोठा झाला पुढे. कोर्टात टिकन का? मी फक्त 'जी भाऊ' आयकलं. भाऊ त सगळेच राहते."

"नाही टिकणार. एकट्या तुमच्या सांगण्यावर नाही टिकणार."

"मंग मी बोलून काय? मी अटकीन. भाऊ नाई अटकन."

पाणकर जेलात आणि मालगुजार ओसरीवर, हे मी रोज पाहते. त्यातून दोन रस्ते निघतात, आणि दोन्ही शेवटी मालगुजाराच्या ओसरीवरच जातात. पाणकराला फासावर द्या आणि प्रकरण मिटलं म्हणा, किंवा बिचारा हुकमाचा ताबेदार म्हणून त्याला न बोलताच सोडून द्या. दोन्हीत त्याचं तोंड बंद होतं. वरच्यापर्यंत जाणारी वाट त्याच्याच तोंडातून जाते, दुसरी नाही.

मी त्यांना दक्षिण आफ्रिकेचं सांगितलं. यूजीन द कॉक नावाचा पोलीस अधिकारी, मारेकरी पथकाचा प्रमुख. १९९६ मध्ये दोन जन्मठेपा आणि वर २१२ वर्षं अशी शिक्षा झाली. पण तो बोलायला लागला, वरच्यांची नावं घेत गेला. तिथल्या सत्यशोधन आयोगाचा नियम असा होता की संपूर्ण खरं सांगाल तरच माफी. त्याच्यासारख्यांच्या कबुल्यांनी वरचे उघडे पडत गेले, आणि ज्याच्या हाताखाली पोलीस होते तो मंत्री, आड्रियान व्लोक, त्याच आयोगासमोर अर्ज घेऊन आला. पुढे २००६ मध्ये हा व्लोक, ज्या धर्मगुरूला विष घालून मारायचा प्रयत्न झाला होता त्या फ्रँक चिकाने यांच्याकडे गेला आणि त्यांचे पाय धुतले. नंतर २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. शिक्षा स्थगितच राहिली.

"मंत्र्यानं पाय धुतले?"

"हो."

"आन् त्या धर्मगुरूनं धुऊ दिले?"

"दिले."

मामाजी बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "भूपतीलेही असंच इचारलं पायजे. पैसा-घर देऊ द्या, माहं काई म्हननं नाई. पन कोन्या गावात कोन्या मानसाले मारायचा हुकूम कोनं देला, तेवढं सगळं गावासमोर सांगायले लावा."

"मघाशी तुम्ही म्हणत होता, खुर्चीवर बसवलं तरी चालेल."

"मघाशी मी लाहेरीच्या सोबत्यांच्या तोंडानं बोलत होतो. त्या पोराच्या बापाच्या तोंडानं बोललो नोतो."

आणि मग हलक्या आवाजात: "त्याच्या घरी मी गेलोच नाई. तीस वर्सं. गाव मालूम आहे, बाप कोन तेही मालूम आहे."

मी म्हटलं, आधी एक सांगते, आणि हे वकील म्हणून सांगते. तुम्ही जे सांगाल आणि मी जे लिहीन, ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. पेन्शनवर, घरावर, मामींवर त्याचा परिणाम होईल. भाऊंचं काही होईलच असं मी वचन देऊ शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी हे कुठे बोलणार नाही.

"तुही आई काय म्हनन?"

"आईला ठाऊक नाही. मलाही आत्ताच कळलं."

पाळीवरून दोन सायकली गेल्या, मागच्या कॅरेजवर तणसाचे भारे. मामाजी उठले नाहीत. मी पिशवीतून वही काढली. उजेड जवळजवळ गेला होता, म्हणून मोबाइलचा दिवा लावला आणि तो धरायला त्यांच्याकडे दिला. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तूच धर," ते म्हणाले. "मी सांगतो. पह्यले माहा बक्कल नंबर लिही."