पत्रा, ब्रेक आणि जीर्णोद्धार

पंधरा वर्षे वापरलेली एसयूव्ही दुरुस्तीला घेतली की तिची झीज दोन ठिकाणी सापडते. एक झीज डोळ्यांना दिसते. बॉनेटवरचा रंग उडालेला असतो, दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फोड आलेले असतात, बंपरचे काळे प्लास्टिक पांढुरके आणि हेडलाइट पिवळट झालेले असतात. दुसरी झीज चाकांच्या आत असते. तिथे ब्रेक पॅड पातळ झालेले, ड्रमला चर पडलेले, व्हील सिलिंडर पाझरणारा आणि ब्रेक ऑइल काळे पडलेले आढळते. पहिली झीज गाडीच्या रूपाची आहे, दुसरी तिच्या थांबण्याच्या शक्तीची. दोन्ही काढून टाकल्यावर उरते ती तीच गाडी का, आणि यांतले काय मालकाच्या मर्जीवर सोडता येते व काय त्याचे कर्तव्य ठरते, हे प्रश्न गॅरेजच्या बिलात मावत नाहीत. जीर्ण वस्तूचे काय करावे याचा विचार भारतीय दर्शनांनी आणि मंदिरपरंपरेने फार बारकाईने केला आहे. कोल्हापुरात तर या विचाराचे एक प्रत्यक्ष उदाहरण शहराच्या मध्यभागी आहे.

आधी पत्र्याचे. कोल्हापूरच्या पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो. घाट उतरून कोकणात नेहमी जाणाऱ्या गाडीला खारी हवाही लागते. चिखल मडगार्डच्या आत आणि फूटबोर्डच्या पोकळीत साचतो, ओल धरून ठेवतो, आणि गंज आतून बाहेर येतो. लोखंडापेक्षा गंजाला जास्त जागा लागते, म्हणून रंग फुगतो. वरचा फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा गेलेला असतो. अशा ठिकाणी घासून पुट्टी भरली आणि वर रंग मारला तर गाडी दोन पावसाळे चांगली दिसते, पण पुट्टीखाली गंज आपले काम चालूच ठेवतो. खरा उपाय म्हणजे सडलेला पत्रा कापून काढणे, नवा तुकडा वेल्डिंगने जोडणे, आतून गंजरोधक लेप देणे आणि मग प्रायमर, रंग, क्लिअर कोट या क्रमाने वर येणे. शिवाजी उद्यमनगरातल्या जाणत्या डेंटरला हा फरक सांगावा लागत नाही. तो बोटाच्या पेराने टकटक करून पत्रा कुठे आहे आणि पुट्टी कुठे आहे ते ओळखतो.

आता समजा दोन्ही मडगार्ड, चारही दारांचे खालचे भाग आणि बॉनेट बदलले. गाडी तीच राहिली का? अथेन्सच्या लोकांनी पुराणवीर थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलली तेव्हा तिथल्या तत्त्वज्ञांत हाच वाद पेटल्याचे प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. भारतात या वादाला किमान तीन ठाम उत्तरे मिळाली. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरी असते. पण ती त्या अवयवांच्या संयोगावर उभी असते. वस्त्रातला एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होते आणि नवे उत्पन्न होते. ‘हे तेच’ असे आपण म्हणतो ते सारखेपणामुळे. या हिशेबाने मडगार्ड बदलला त्या क्षणी जुनी गाडी संपली. बौद्धांचे उत्तर याहून कडक आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाबद्दल विचारतो: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी या सर्वांच्या आधाराने चालणारे एक व्यवहारातले नाव, एवढाच रथ हाती उरतो.

तिसरे उत्तर जैनांचे. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात दिगंबर जैन समाज शतकानुशतके शेती-व्यापारात रुजलेला आहे, त्यामुळे हे उत्तर इथे परके नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार सत् म्हणजे ज्यात उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता ही तिन्ही एकाच वेळी असतात. समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त सोन्याचे उदाहरण घेतले आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो दुःखी होतो, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदतो, आणि ज्याला सोने हवे होते त्याला काहीच फरक पडत नाही. तिघांच्याही भावना खऱ्या आहेत, कारण वस्तूच तिन्ही अंगांनी खरी आहे. दुरुस्त गाडीला हे उत्तर सर्वांत नीट लागू पडते. वडिलांनी घेतलेल्या गाडीचा मूळ रंग गेला म्हणून मुलगा हळहळतो, नवी चकाकी पाहून घरातले दुसरे कोणी हरखते, आणि रोज तिच्यातून दूध नाहीतर माणसे नेणाऱ्याला ती चालते एवढेच पुरते. यांतल्या कोणालाही खोडून काढायचे कारण नाही.

कायद्याने मात्र एक निश्चित खुंटी ठोकली आहे. जुन्या बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्या शिडीसारख्या लोखंडी चेसिसवर बांधलेल्या असतात आणि बॉडी वरून बोल्टने बसवलेली असते. म्हणून सबंध बॉडी उतरवूनही गाडी ‘शिल्लक’ राहू शकते. ओळख धरली जाते ती चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकाने. रंग बदलला तर नोंदणी पुस्तकात नोंद करावी लागते, आणि नोंदीतल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत. जैन परिभाषेत सांगायचे तर आरटीओपुरते गाडीचे द्रव्य म्हणजे चेसिस, बाकी सगळे पर्याय, म्हणजे बदलती रूपे. व्यवहाराला हे पुरते. पण माणसे ज्या गोष्टीला जीव लावतात ती क्वचितच चेसिस असते, आणि म्हणून हे उत्तर पुरे पडत नाही.

जीव जिथे लावलेला असतो तिथे पृष्ठभाग ही किरकोळ गोष्ट राहत नाही. कोल्हापूरच्या करवीरनिवासिनी अंबाबाईची मूर्ती हे त्याचे उदाहरण. शतकांच्या अभिषेकांनी आणि हाताळणीने दगडाची झीज झाली. १९५५ मध्ये मूर्तीला वज्रलेप करण्यात आला. पुढे तोही सुटू लागला, मूळ मूर्तीवरचे अभिषेक थांबवून ते उत्सवमूर्तीवर होऊ लागले, आणि २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केले. त्यानंतर मस्तकावरचे नागचिन्ह दिसत नाही यावरून शहरात मोठा वाद झाला. हा वाद केवळ कारागिरीचा नव्हता. झिजून गेलेले चिन्ह नव्याने घडवणे हा जीर्णोद्धार, की ती नवी मूर्ती? आणि न घडवणे ही मूळ दगडाशी निष्ठा, की देवीच्या ओळखीचा भंग?

दोन्ही बाजूंना शास्त्र आहे. पुरातन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये केलेल्या व्हेनिस सनदेनुसार अंदाज सुरू होतो तिथे पुनर्निर्मिती थांबली पाहिजे, आणि घातलेला नवा भाग जुन्यापासून ओळखता आला पाहिजे. मंदिरपरंपरेचा भर वेगळा आहे. अग्निपुराणातल्या जीर्णोद्धाराच्या अध्यायात अतिजीर्ण किंवा भंगलेली मूर्ती पूजेतून काढावी, लाकडाची अग्नीत द्यावी, दगडाची पाण्यात सोडावी, आणि त्याच द्रव्याची, त्याच मापाची दुसरी स्थापन करावी असा विधी आहे. जिथे मूर्ती बदलायची नसून सुधारायची असते, तिथे देवतेचे तत्त्व काही काळ कलशात आवाहन करून ठेवतात आणि काम झाल्यावर परत मूर्तीत आणतात. या विधीत एक स्पष्ट तत्त्वनिर्णय आहे. देवता म्हणजे दगड नव्हे, म्हणून दगडाला हात लावता येतो. पण वाटेल तसाही लावता येत नाही, कारण माप आणि द्रव्य पाळावेच लागते. योगायोगाने त्याच २०१५ साली जगन्नाथपुरीत नवकलेवर झाले. तिथे मूर्तींचे लाकूड पूर्ण बदलले गेले आणि आतला ब्रह्मपदार्थ नव्या देहात ठेवला गेला. पुरीने देह बदलून सातत्य राखले, कोल्हापुराने देह जपून. दोन्ही ठिकाणी भाविकांच्या लेखी देव तोच आहे.

गाडी आणि मूर्ती यांची बरोबरी कोणी करत नाही. तरी मूर्तीच्या वादातून हाती लागलेली कसोटी गाडीलाही लावता येते: वस्तू कशासाठी आहे ते ठरवा, मग तिच्यातले काय राखायचे ते कळेल. मूर्ती दर्शनासाठी आहे, म्हणून तिच्या पृष्ठभागाचा कणही मोलाचा. गाडी सुखरूप नेण्या-आणण्यासाठी आहे. तिच्या दारावरचा पोचा तसाच ठेवला तर कोणाचे काही बिघडत नाही, आणि एखाद्या घराला तो पोचा जुन्या प्रवासाची खूण म्हणून हवाही असेल. अशी खूण राखण्यात गैर काहीच नाही. दर दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी शिलंगणाला येते तेव्हा लोक तिचे जुनेपणच पाहायला जमतात.

ब्रेकच्या बाबतीत ही मुभा नाही. ब्रेक पॅड आणि लायनर हे झिजण्यासाठीच केलेले भाग आहेत. डिस्कवर किंवा ड्रमवर घासून गाडीची गती उष्णतेत बदलणे आणि त्यात स्वतः थोडे थोडे संपणे हेच त्यांचे काम. १,८०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. तीच गाडी आंबा घाटाने किंवा गगनबावड्याहून करूळ घाटाने ५०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ८,८०० किलोज्यूल, म्हणजे पस्तीसपट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाने थोपवून धरले तर तिचा बराच भाग तिथे जिरतो, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. कोरड्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल धरल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो असे प्रमाण आहे. तापलेल्या घाटात ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल काही न धरता खाली जाते. बाहेरून ती गाडी कितीही देखणी असो. म्हणूनच जुन्या गाडीत पॅड आणि लायनर बदलणे पुरेसे नसते. रबरी होज, कॅलिपरचे आणि व्हील सिलिंडरचे सील, गंजलेल्या लोखंडी नळ्या, मास्टर सिलिंडर हे सगळे उघडून पाहावे लागते, ऑइल पूर्ण काढून नवे भरावे लागते, आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली ती गेली असेल तर लेथवर न घासता टाकून द्यावी लागते. ‘कंपनीचा ओरिजिनल ड्रम आहे, राहू द्या’ हा आग्रह इथे धोक्याचा आहे. मूळ द्रव्याची निष्ठा मूर्तीला शोभते, ब्रेकला नाही.

कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत. तिथे रथाच्या सजावटीचा उल्लेख नाही, सगळा भर लगाम हाती असण्यावर आहे. गाडीच्या नैतिकतेचा प्रश्न मात्र उपनिषदापेक्षा जैन आचारशास्त्राने अधिक थेट सोडवला आहे. तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेपर्वाई, मध्यभागी ठेवते: प्रमादयुक्त वागण्यातून प्राण हिरावणे ही हिंसा. कुंदकुंदांचे ‘प्रवचनसार’ त्याहून पुढे जाते. समोरचा जीव मेला की वाचला यावर हिंसा ठरत नाही. बेपर्वाईने वागणाऱ्याकडून ती घडलेलीच असते, आणि काळजीपूर्वक वागणाऱ्याला नुसत्या प्राणहानीने कर्मबंध लागत नाही. या ग्रंथाची इंग्रजी प्रस्तावनेसह चिकित्सक आवृत्ती १९३५ मध्ये सिद्ध करणारे डॉ. आ. ने. उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक होते.

हे तत्त्व ब्रेकला लावले की निष्कर्ष कठोर निघतो. झिजलेले लायनर माहीत असूनही गाडी रस्त्यावर काढणाऱ्याचा दोष अपघात होण्याची वाट पाहत नाही. उसाच्या हंगामात कागल, हातकणंगले, शिरोळच्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. तिथे ब्रेक लागला आणि सगळे वाचले तरी, ब्रेक लागेल की नाही हे न तपासता निघालेला माणूस त्या क्षणाआधीच चुकलेला असतो. उलट सगळे तपासून, वेळेवर बदलून निघालेल्याच्या हातून अटळ अपघात झाला तर त्याचे दुःख मोठे असेल, पण तो दोष नव्हे. ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांतले बहुतेक गाडीबाहेरचे असतात, म्हणून ब्रेकचा निर्णय मालकाच्या आवडीनिवडीचा उरत नाही. दसऱ्याला गाडीला हार घालून, हळदी-कुंकू लावून पूजा होते. ती कृतज्ञता खरी आहे, पण पूजेने तपासणीची जागा भरून निघत नाही.

यातून खर्चाचा क्रमही ठरतो. पैसे मोजके असतील तर आधी ब्रेक, मग टायर आणि स्टिअरिंगचे सांधे, मग सडलेला पत्रा, आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम उलटा केला की रंग सत्याच्या आड येतो. विक्रीसाठी रंगवलेली आणि ब्रेक तसेच ठेवलेली गाडी घेणाऱ्याला जे सांगते ते खोटे असते, मग विकणारा तोंडाने काहीच बोलला नसला तरी. उघड्या पोच्यांची पण नीट थांबणारी गाडी याहून प्रामाणिक असते.

शेवटचा प्रश्न जीर्णोद्धार नाकारण्याचा आहे. अग्निपुराणाने अतिजीर्ण मूर्तीला विसर्जन सांगितले, तशी गाडीचीही एक सीमा असते. ती रंगात किंवा दारात नसून चेसिसमध्ये असते. स्प्रिंगच्या कंसाजवळ किंवा आडव्या दांड्यांपाशी चेसिस आतून पोखरला असेल तर वरून पट्ट्या वेल्ड करून गाडी उभी करणे म्हणजे पुट्टीचेच मोठे रूप. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, आणि तपासणीत उतरली तर पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. ही तपासणी मनापासून करून घेणे मालकाच्या हिताचे आहे. जी गाडी त्यात बसत नाही ती २०२१ च्या वाहन भंगार धोरणानुसार नोंदणीकृत भंगार केंद्रात देता येते, आणि कायमची निकामी झालेल्या वाहनाची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली रद्द होते. लोखंड भट्टीत जाते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत भंगार वितळवून वाहनांचेच सुटे भाग ओतले जातात, त्यामुळे समंतभद्रांच्या तिसऱ्या माणसाला इथेही शोक करण्याचे कारण उरत नाही. ज्याला घट हवा होता त्याने मात्र गाडी पाठवण्याआधी डॅशबोर्डवरची देवीची तसबीर उतरवून घ्यावी आणि नंबर प्लेट हवी असल्यास आरटीओला विचारावे.