पाहायला काय आहे?

स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक समुद्रात सेंट किल्डा नावाचा बेटांचा पुंजका आहे. शेजार म्हणावा असं नॉर्थ यूइस्ट बेट, तेही साठ-पासष्ट किलोमीटरवर. समुद्र खवळला की आठवडेच्या आठवडे तिथे कुणी फिरकत नसे. माणसं मेंढ्या पाळत, थोडं ओट आणि बार्ली पिकवत आणि मुख्यतः समुद्रपक्ष्यांवर जगत. दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचं, पक्षी पकडायचे, अंडी गोळा करायची. एकोणिसाव्या शतकात याची चर्चा शहरांतल्या सुखवस्तू लोकांपर्यंत पोचली आणि उन्हाळ्यात हौशी प्रवाशांच्या आगबोटी यायला लागल्या. बेटवाले त्यांना लोकरीचं कापड नि अंडी विकायचे. पुढे तरुण एकेक करून निघून गेले, दुखण्याखुपण्याला डॉक्टर वेळेवर मिळेना, आणि उरलेल्या ३६ जणांनी स्वतःच सरकारकडे अर्ज करून २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट सोडलं. निघताना घराघरात बायबल उघडं ठेवलं, शेजारी मूठभर ओट ठेवले, असं सांगतात. आज हे बेट जागतिक वारसा आहे, निसर्गासाठी आणि संस्कृतीसाठीही. असा दुहेरी मान जगात मोजक्याच ठिकाणांना आहे. दिवसाच्या सहलीला बोटी जातात. लोक पडक्या घरांच्या ओळीतून हिंडतात, पक्षी पाहतात, फोटो काढतात आणि अंधाराआधी परततात.

मला हे बेट बीडमुळे आठवतं. बीडचा समुद्राशी संबंध नाही, बोटीशी तर अजिबात नाही. पण बीडचा कुठलाही माणूस पुण्या-मुंबईत चार दिवस राहिला की एक प्रश्न त्याच्या वाट्याला येतोच: "तुमच्या बीडला पाहायला काय आहे?" विचारणाऱ्याच्या मनात कुत्सितपणा असतोच असं नाही. आपण मात्र लगेच वकिली पवित्रा घेतो. परळीच्या वैजनाथापासून सुरुवात होते आणि ज्योतिर्लिंग आमचंच, झारखंडच्या देवघरचं नव्हे, हा खटला मध्येच उभा राहतो. मग मुकुंदराजांची समाधी आमच्याच अंबाजोगाईची, विदर्भातल्या आंभोऱ्याची नव्हे, हा दुसरा. मग दासोपंतांनी पासोडीवर लिहिलेलं पंचीकरण, धारूरचा किल्ला, माधवराव पेशव्यांनी १७६३ मध्ये निजामाला हरवलं ते गोदाकाठचं राक्षसभुवन. यादी संपली की समोरचा माणूस सभ्यपणे म्हणतो, "छान! पण तिथे करायचं काय?"

स्कॉटलंडच्या बेटांवर या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे. चाला, पक्षी पाहा, पाऊस आला तर कुठेतरी चहा घेत बसा, बोट सुटली नाही तर आणखी एक दिवस राहा. थोडक्यात, काही करायचं नाही. तिथे पोचायला होणारी दगदग हाच त्यांनी विकायला ठेवलेला माल आहे. दगदगीच्या बाबतीत आमचा जिल्हा कुणाला हार जाणारा नाही, पण आमच्याकडच्या दगदगीला मागासलेपण म्हणतात आणि तिचे कुणी पैसे देत नाही.

बीडमध्ये पाहण्यासारखं काय, याचं माझं उत्तर पाणी असं आहे. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि सरासरीचा आकडा ज्या वर्षी नेमका लागतो असं वर्ष शोधावं लागतं. अशा मुलखात जे जे काही उभं राहिलं ते पाण्याच्या भोवती, किंवा पाण्याच्या आत. बीड शहरातलं कंकालेश्वराचं देऊळ तर खरोखरीचं बेट आहे. बिंदुसरेच्या काठाजवळ चौकोनी कुंड, कुंडाच्या मधोमध तारकेच्या आकाराचं देऊळ, तीन गर्भगृहं, बाहेरच्या भिंतींवर शस्त्रं पेललेल्या स्त्रिया. त्या स्त्रियांपुढे अर्धा तास उभं राहावं. मराठवाड्याच्या देवळांत नाचणाऱ्या, आरशात पाहणाऱ्या, पायातला काटा काढणाऱ्या सुरसुंदरी पुष्कळ दिसतात. इथे त्यांच्या हातात हत्यारं आहेत. आणि सभोवती पाणी. घागरभर पाण्यासाठी जिथे पायपीट होते तिथे देवाच्या चारही बाजूंनी पाणी खेळवायचं, याला काय म्हणावं? भक्ती असेलच. मला मात्र त्यात बांधणाऱ्याच्या ऐपतीची जाहिरात आधी दिसते. आमच्याकडे पाणी राखायला जागा आहे, आणि ते अडवून ठेवायची अक्कलही आहे, असं ते देऊळ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असलं पाहिजे.

त्याहून मोठी अक्कल शहराबाहेरच्या खजाना विहिरीत आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीतला जहागीरदार सलाबतखान याच्या अमदानीत ती झाली, आणि राजा भास्कर नावाच्या स्थपतीनं ती बांधली असं मानतात. सगळा खजिना तिच्यावर खर्च झाला म्हणून हे नाव पडलं, अशी बोलवा आहे. वरून पाहिलं तर एक रुंद, गोल, खोल विहीर. पर्यटकाची निराशा व्हावी इतकी साधी. खरं काम जमिनीखाली आहे. भुयारी मार्गांनी लांबून झिरपा आत येतो आणि दुसऱ्या भुयारातून पाणी आपल्या पायांनी खालच्या शेतांकडे निघून जातं. मोट नको, रहाट नको, इंजिन तर तेव्हा नव्हतंच. सगळा हिशेब उताराचा. आज विहिरीवर विहीर आणि बोअरशेजारी बोअर घेणाऱ्या जिल्ह्यात ही एक विहीर उभी आहे, आणि तिच्याकडे आपण शिकण्यासाठी जात नाही, कडेला वाकून खाली डोकवायला जातो.

सौताड्याचा धबधबा आणि कपिलधार यांविषयी लिहायला जास्त नको. पाऊस झाला की विंचरणा नदी सौताड्याला कड्यावरून खोल दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ आहे. पाऊस नसला तर कडा आहे. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा, त्याचंही तेच.

खरी अडचण मोसमाची आहे. बाहेरचा माणूस फिरायला निघतो दिवाळीनंतर. हवा बरी असते, मुलांना सुट्टी असते, जानेवारीत शाळू हुरड्यात येतो. त्याच सुमाराला बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी झालेली असतात. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसांची मोजदाद अवजाराच्या नावानं होते. ट्रकमध्ये भांडीकुंडी, पेंढीभर सरमाड, शेरडं, लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे, तेच घर. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त प्रवास करणाऱ्यांत या माणसांची गणना व्हायला हवी. कृष्णा आणि पंचगंगा त्यांनी पाहिलेल्या असतात. बारमाही पाणी कसं दिसतं, ते उसात शिरून कसं जड होतं, आणि त्याची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर कशी चढवायची, हे त्यांना कुठल्याही पर्यटकापेक्षा जास्त कळतं. पण त्यांना कुणी प्रवासी म्हणत नाही.

त्यामुळे पर्यटकाला जे गाव दिसतं ते अर्धं गाव असतं. कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं, हंगामी वसतिगृहातली पोरं. शहरातून आलेल्या एखाद्या पाहुण्याच्या तोंडून हमखास निघतं, "काय शांतता आहे हो तुमच्याकडे!" ती शांतता ट्रकमध्ये बसून गेलेल्या माणसांची आहे, हे यजमान त्याला सांगत नाही. पाहुणा आहे, आगटीभोवती बसलाय, गोवऱ्यांच्या धगीतला गरम हुरडा तिळाच्या चटणीबरोबर खातोय. कशाला तोंडाची चव घालवायची? हुरड्याला माझा विरोध नाही, मीही खातो. पण ज्यांनी पाऊस पाहून शाळू पेरला त्यांतले कित्येक हुरड्याच्या दिवसांत दुसऱ्याच्या फडात असतात, एवढं त्या ताटात दिसत नाही.

सेंट किल्डाच्याच देशात एग नावाचं आणखी एक छोटं बेट आहे. त्याची कहाणी वेगळी. पिढ्यान्पिढ्या ते कुणा ना कुणा एका मालकाच्या मालकीचं होतं. मालक बदलत आणि रहिवाशांना उद्याची खात्री नसे. १९९७ मध्ये रहिवाशांनी स्थानिक कौन्सिल आणि एका वन्यजीव संस्थेला बरोबर घेऊन बेट विकत घेतलं. २००८ मध्ये पाणी, वारा आणि ऊन यांच्यावर चालणारी स्वतःची वीज आणली. तोवर घरोघरी डिझेलची जनरेटरं धडधडत होती. मग माणसं टिकली, काही नवी आली. पर्यटक तिथेही जातात, पण त्यांना चहा देणारा माणूस त्या बेटाचा भागीदार असतो. आता बीड म्हणजे बेट नव्हे. २०११ च्या जनगणनेत पंचवीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या जिल्ह्याची शंभरेक माणसांच्या बेटाशी तुलना फार ताणता येणार नाही. तरी क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. एगवर आधी राहण्याची सोय झाली. सेंट किल्डाला आधी पाहायला येणारे आले.

आपल्याकडे पाहायला जाण्याची जुनी रीत जत्रेची. जत्रेला ठिकाणाइतकीच तिथी महत्त्वाची. कपिलधारला कार्तिकी, अंबाजोगाईच्या योगेश्वरीला मार्गशीर्षातलं नवरात्र, परळीला महाशिवरात्र, पुरुषोत्तमपुरीला तर दर तिसऱ्या वर्षी येणारा धोंड्याचा महिना. पाहुणा त्याच्या सवडीनं यायचा नाही, यजमान तयार असेल तेव्हा यायचा. कोकणातली कितीतरी घराणी सह्याद्री ओलांडून योगेश्वरीला येत आली, कुलदेवी म्हणून. लग्नाचा मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारिकाच राहिली, ही कथा त्यांना पाठ असते. हत्तीखान्याच्या लेण्यातले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. अंबाजोगाईत पाहायला काय आहे, असं त्यांच्यातलं कुणी विचारत नाही. या तिथ्या ठरल्या तेव्हा साखर कारखाने नव्हते, ही गोष्ट मात्र वेगळी. आज कार्तिकात आणि मार्गशीर्षात यजमानच फडावर असतो.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. ज्या गाडीची वाट पाहण्यात माणसांची आयुष्यं गेली ती आता स्टेशनात उभी असते. पर्यटनाची पत्रकं, कमानी, सेल्फीच्या जागा हेही यथावकाश येईल. त्या पत्रकात माझं कुणी ऐकलं तर स्थळांच्या आधी महिना छापावा. भाद्रपदात या. पाऊस झाला असेल तर कंकालेश्वराभोवती पाणी असेल, सौताडा कोसळत असेल, बांधावरची सीताफळं डोळे उघडायच्या बेतात असतील, आणि घरं उघडी असतील. एसटी उशिरा येईल, चिखल लागेल, राहायला हॉटेल धड मिळणार नाही. करायचं काय, असा प्रश्न पडलाच तर फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात बसा आणि यंदा कोयत्याला किती उचल मिळतेय एवढंच विचारा. संध्याकाळ कशी गेली ते कळणार नाही.