दुर्मिळतेचा मोह आणि मुक्या जीवाची अमानत

जुमाच्या नमाजनंतर बार्शीतील एका तरुणाने मला मोबाइलवर एक छायाचित्र दाखविले. फिकट पिवळे कवच आणि लाल डोळे असलेले कासवाचे पिल्लू! "मौलाना, अशी जोडी घेऊन पैदास करावी म्हणतो. चांगली किंमत येते. जायज आहे ना?"

प्राणी पाळणे मुळात निषिद्ध नाही. अबू उमैर या बालकाचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मायेने त्याची विचारपूस केली. मात्र मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली, हेही त्यांनीच सांगितले. म्हणजे परवानगीच्या मागोमाग जबाबदारी येते.

ते पिल्लू मूळच्या अमेरिकेतील 'रेड-इअर्ड स्लायडर' जातीचे होते. ज्या रंगावर आपण भाळतो, तो वस्तुतः मेलॅनिन या रंगद्रव्याचा अभाव आहे. हे द्रव्य डोळ्यांनाही लागते. ते नसल्याने दृष्टी अधू राहते, प्रखर उजेड सोसत नाही. कासवाला तर अंग शेकण्यासाठी ऊन हवेच. जे जगवते, तेच त्याला टोचते.

निसर्गात असा जीव क्वचितच दिसतो. 2020 मध्ये ओडिशाच्या बालासोर जिल्ह्यात पिवळे कासव सापडले, ते ग्रामस्थांनी वनविभागाच्या स्वाधीन केले. पैदासीत मात्र ही उणीव मुद्दाम घडविली जाते. ती आई व बाप दोघांकडून आल्याशिवाय प्रकट होत नाही. म्हणून अनेकदा एकाच रक्ताचे नर-मादी जोडले जातात.

वाचकहो, येथेच विवेकाची कसोटी आहे. अल्लाहने दुबळा जन्मास घातलेला जीव सांभाळणे ही दया होय. परंतु दुबळेपणाला किंमत येते म्हणून तो जन्मास घालणे याला दया कसे म्हणावे? कुरआनने प्राण्यांनाही आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. समुदायाचा घटक शोभेची वस्तू ठरत नाही.

मी त्या तरुणास म्हणालो, "असे पिल्लू घरात आलेच असेल, तर त्याला सावली दे, स्वच्छ पाणी दे. ते कित्येक वर्षे जगेल, तोवर ती तुझ्याकडील अमानत आहे. कंटाळून विहिरीत वा तळ्यात सोडू नकोस. तेथील देशी कासवांचा घास हिरावला जाईल. आणि देशी कासव तर घरी आणूच नकोस. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पण जोडी मात्र लावू नकोस."

तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मौलाना, त्याला दिसत नसेल, हे मला ठाऊकच नव्हते."

अल्लाह आपणा सर्वांस मुक्या जीवांची वेदना जाणण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.