लष्कर परत बोलावणारा खलीफा



दूरच्या एखाद्या भूमीवर युद्ध पेटते, ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेल्या बालकांची छायाचित्रे घराघरांतल्या मोबाईलवर येतात, आणि जुमाच्या नमाजनंतर एक प्रश्न हमखास कानी पडतो : एवढी सैन्ये, एवढी विमाने बाळगणारे देश मुकाट का बसतात? त्याच मस्जिदीच्या पायऱ्यांवर नेमका उलटा प्रश्न विचारणारेही भेटतात. ज्या देशाच्या स्वतःच्या प्रजेला पोटभर भाकर मिळत नाही, त्याने परक्या मुलुखात फौजा का धाडाव्यात? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी करुणाच असते, आणि दोघेही आपल्या बाजूने शरीअतचा आधार सांगतात. म्हणून हा विषय घाईने निकालात काढण्याजोगा नाही.

या प्रश्नाला इस्लामच्या इतिहासात एकदा अगदी स्पष्ट उत्तर मिळाले आहे, तेथूनच आरंभ करू. हिजरी सन ९९, म्हणजे इसवी सन ७१७. खलीफा सुलेमान बिन अब्दुल मलिक उत्तर शाममधील दाबिक येथे तळ ठोकून होते. त्यांचे बंधू मस्लमा यांच्या नेतृत्वाखाली प्रचंड लष्कर कुस्तुंतुनियाच्या तटाला भिडले होते, आणि ते शहर पडल्याखेरीज आपण माघारी फिरणार नाही अशी शपथ सुलेमान यांनी वाहिली होती. हे शहर म्हणजे काही सामान्य लक्ष्य नव्हे. कैसरच्या नगरीबाबतच्या शुभवार्ता हदीसमध्ये आलेल्या आहेत व त्या लष्करातल्या प्रत्येक शिपायाला तोंडपाठ असणार. तो मान आपल्या पिढीला लाभावा, ही आस किती तीव्र असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

परंतु त्या हिवाळ्यात तटाबाहेर बर्फ साचले आणि ते वितळेना. रसद तुटली. इमाम तबरी यांनी नोंदवले आहे की, लोकांनी जनावरे खाल्ली, कातडी खाल्ली, झाडांची मुळे व पानेही खाल्ली. इकडे सुलेमान दाबिक येथेच निवर्तले, आणि खिलाफतीची जबाबदारी हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्या खांद्यावर येऊन पडली.

चरित्रकार सांगतात की, सुलेमान यांची दफनक्रिया आटोपताच त्यांनी दौत-कलम मागवले आणि तीन पत्रे लिहिली. इतकी घाई पाहून लोक कुजबुजू लागले. पहिले पत्र मस्लमा यांना होते : लष्कर घेऊन परत या. दुसऱ्या पत्राने इजिप्तच्या जुलमी करवसुली अधिकाऱ्याला पदावरून दूर केले. तिसऱ्याने आफ्रिका प्रांतातल्या अशाच एका जुलमी अधिकाऱ्याला. वाचकहो, या तीन पत्रांचा एकमेकांशी असलेला संबंध आपण पाहावा. बाहेरची मोहीम थांबवणे आणि घरातला अन्याय दूर करणे ही त्यांच्या दृष्टीने एकाच बैठकीची कामे होती. केवळ माघारीचा हुकूम देऊन ते थांबले नाहीत. उपाशी शिपायांसाठी अन्न आणि घोडे पाठवले, त्यांना साह्य करण्याचे लोकांना आवाहन केले. लष्कर प्रत्यक्ष परतायला ७१८ चा ऑगस्ट उजाडला.

शहर तर जिंकले गेले नाही. मग खलीफांनी काय मिळवले? त्यांच्या पत्नी फातिमा यांनी सांगितलेली एक आठवण येथे ध्यानी घ्यावी. एकदा त्यांनी पतीला नमाजच्या जागी रडताना पाहिले. कारण विचारले तेव्हा खलीफांनी जे सांगितले त्याचा आशय असा : या उम्मतीचा भार माझ्यावर आला आहे, आणि मी दूरदूरच्या प्रांतांतला उपाशी फकीर, एकाकी रुग्ण, उघडा-वाघडा, दडपलेला, कैदी, वृद्ध, मोठ्या कुटुंबाचा अल्प मिळकतीचा माणूस आठवत होतो, यांच्याविषयी माझा पालनकर्ता मला विचारणार आहे आणि त्यांचे वकीलपत्र प्रेषितांनी घेतलेले असेल. या यादीत एकही किल्ला नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची ती हदीस आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत, बुखारी व मुस्लिम दोहोंत ती आहे : तुमच्यापैकी प्रत्येक जण मेंढपाळ असून प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल. आपण ती बहुधा पित्याला आणि मातेला लावतो. हदीसमध्ये मात्र आरंभ शासकापासून आहे. शेजारच्या कळपाची चौकशी त्याच्याकडे होणारच नाही, असे मी म्हणत नाही. पण पहिला जाब त्याच्या हवाली केलेल्यांचा आहे. आणि एक गोष्ट आपण नेहमी विसरतो : ज्याला परमुलुखात धाडले, तो शिपाईदेखील त्याच कळपातले एक कोकरू आहे. त्याच्या आईला उद्या काय सांगायचे, हा प्रश्नही राज्यकारभाराचाच भाग होय.

स्वतः प्रेषितांचे (स.) वर्तन पाहा. एक मनुष्य जिहादसाठी जाण्याची अनुज्ञा मागू लागला. त्याला विचारण्यात आले की, तुझे आईवडील हयात आहेत काय? होकार मिळताच, त्यांच्या सेवेतच तुझा जिहाद आहे, या अर्थाचे उत्तर देऊन त्याला घरी पाठवले. दुसऱ्याने सांगितले की, माझे नाव अमुक मोहिमेत नोंदले आहे आणि माझी पत्नी तर हजला निघाली आहे. त्याला आज्ञा झाली की, पत्नीसोबत हजला जा. एकेक माणूस मोलाचा, अशा काळातले हे दाखले आहेत. नोंदवलेले नाव एका स्त्रीच्या प्रवासासाठी खोडले जाते!

आता दुसऱ्या बाजूचा आधारही तितक्याच प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सूरह अन्-निसाच्या ७५ व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना विचारले आहे की, जे दुर्बळ पुरुष, स्त्रिया व बालके जुलमी वस्तीतून सुटकेसाठी टाहो फोडत आहेत, त्यांच्यासाठी तुम्ही का लढत नाही? ही आयत आपल्याला झोपू देऊ नये, अशीच आहे. तिचा अर्थ पातळ करून सांगणाऱ्या विद्वानांशी माझे जमत नाही. परंतु दिव्य कुरआन एका आयतीवर थांबत नाही. सूरह अल्-अन्फालच्या ७२ व्या आयतीत, धर्माच्या बाबतीत मदत मागणाऱ्यांना मदत करणे तुमच्यावर बंधनकारक आहे असे सांगून लगेच अपवाद दिला आहे : ज्या समाजाशी तुमचा करार आहे त्याच्याविरुद्ध नव्हे. हुदैबियाच्या दिवशी हजरत अबू जंदल (रजि.) पायातल्या बेड्या खणखणवत मुस्लिमांच्या तळात येऊन कोसळले. अंगावर छळाच्या खुणा होत्या. करार नुकताच ठरला होता, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना धीराचा उपदेश करून परत सोपवले. त्या क्षणी हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्या माणसाच्या काळजाचे काय झाले, ते इतिहासात नमूद आहे.

त्या वेळी मक्केवर चाल का झाली नाही? सूरह अल्-फत्हच्या २५ व्या आयतीत याचे एक कारण दिले आहे, आणि माझ्या मते प्रस्तुत विषयावरचे ते सर्वांत मोठे मार्गदर्शन आहे. मक्केत असे श्रद्धावंत पुरुष व स्त्रिया होत्या ज्यांना तुम्ही ओळखत नव्हता, आणि अजाणतेपणी तुम्ही त्यांना तुडवले असते, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे ज्यांना सोडवायचे, तेच टाचेखाली चिरडले जाण्याचे भय. लष्कर कितीही नीतिमान असो, परक्या शहराच्या गल्लीत त्याला माणसे ओळखू येत नाहीत.

याचे अलीकडच्या काळातले उदाहरण हवे असेल तर यमनकडे पाहावे. ज्या लोकांच्या ईमानाची आणि शहाणपणाची प्रेषितांनी (स.) वाखाणणी केली, त्यांच्या भूमीवर साठ वर्षांत दोनदा शेजारी मुस्लिम राष्ट्रांची शस्त्रे गेली. १९६२ मध्ये सनआ येथे इमामशाही उलथवली गेली, तेव्हा नव्या प्रजासत्ताकाच्या पाठीशी इजिप्तचे अध्यक्ष जमाल अब्दुल नासर यांनी सैन्य पाठवले. प्रारंभी थोडेसे, मग वाढत वाढत सत्तर हजारांच्या घरात. त्याच काळात इजिप्तमध्ये आस्वानचे धरण बांधले जात होते आणि शहरांची भूक भागवण्यासाठी गहू परदेशातून येत होता. जून १९६७ मध्ये इस्राएलशी युद्ध जुंपले, तेव्हा इजिप्तच्या फौजेचा मोठा भाग यमनच्या डोंगरांत अडकलेला होता. सिनाई सहा दिवसांत गेले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये खार्तूम येथे माघारीवर तोड निघाली व वर्षअखेर सैन्य परतले. पाच वर्षांनी हाती काय उरले, ते इजिप्तच्या शेतकऱ्याला विचारावे, कारण तेथे मेलेले शिपाई बहुतांश त्याचीच मुले होती.

दुसरा प्रसंग २६ मार्च २०१५ पासूनचा. सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीची विमाने यमनवर गेली. यमनमधल्या यादवीचा दोष त्यातील गटांकडे आहेच, तो मी कमी लेखत नाही. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे की, २०२१ च्या अखेरपर्यंत या युद्धात ३ लाख ७७ हजार माणसे दगावली, आणि त्यातली सुमारे साठ टक्के गोळी-बाँबने नव्हे, तर भूक, रोग व औषधपाण्याच्या अभावाने. मरणारे मुस्लिम, मारणारेही मुस्लिम, आणि दोहोंच्या मस्जिदींत एकच कुनूत.

आपल्या देशालाही याचा अनुभव आहे. जुलै १९८७ मध्ये भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली ती तेथील तमिळांच्या सुरक्षेसाठी, आणि काही महिन्यांतच तिला तमिळ बंडखोरांशीच लढावे लागले. मार्च १९९० मध्ये ती परतली तेव्हा सुमारे बाराशे जवान आपण गमावले होते. त्या जवानांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. प्रश्न धाडणाऱ्यांच्या हिशेबाचा आहे.

मात्र ‘आधी घर’ हे वाक्य फार सोयीचे आहे, म्हणून त्याबाबतही सावध राहिले पाहिजे. परदेशातल्या युद्धाला विरोध करताना घरच्या गरिबांची आठवण काढायची, आणि त्या गरिबांसाठी खर्चाची वेळ आली की दुसरेच काही बोलायचे, असे पुढारी जगभर आढळतात. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांचे ‘आधी घर’ वेगळे होते. त्यांनी प्रथम स्वतःच्या घराण्याने बळकावलेल्या जमिनी परत केल्या, पत्नीचे दागिने बैतुलमालमध्ये जमा झाले, नव्याने इस्लाम स्वीकारणाऱ्यांकडून जिझिया उकळणे बंद केले, वाटसरूंसाठी सराया बांधवल्या. आफ्रिकेत जकात वाटण्यास गेलेल्या अधिकाऱ्याला घेणारा गरीब सापडेना, असे वर्णन आहे. अवघ्या अडीच वर्षांचा हा कारभार. आणि सीमेपलीकडच्यांना ते विसरले काय? कुस्तुंतुनियात अडकलेल्या कैद्यांना त्यांनी धीराचे पत्र व प्रत्येकासाठी दीनार पाठवले, आणि खंडणी भरून त्यांच्या सुटकेची व्यवस्था केली. लष्कर मागे आले, पण मदत मागे आली नाही. अन्न, औषध, खंडणी, आश्रय, सत्य साक्ष, तडजोडीसाठी मध्यस्थी : हे सर्व दरवाजे सैन्याच्या आधी येतात व बहुधा त्याहून स्वस्त असतात.

खलीफा नसलेल्या आपल्या काळात हा विषय तुमच्या-माझ्या घरात कसा येतो? लोकशाहीत मेंढपाळाची काठी थोडी थोडी प्रत्येक मतदाराच्या हातात असते. तेव्हा कोणताही देश, मग तो मुस्लिम असो वा अन्य, सैन्य बाहेर काढतो म्हणून टाळ्या पिटण्यापूर्वी, तेथल्या दवाखान्यात औषध आहे काय, हे विचारण्याची सवय आपल्या मुलांना लावावी. आणि दूरच्या पीडितांसाठी रात्री दोनपर्यंत चित्रफिती पाहणाऱ्या तरुणाला, आपल्याच गल्लीतल्या विधवेचे शिधापत्रिकेचे काम कितव्या महिन्यापासून अडले आहे, तेही माहीत असावे.

एक प्रसंग सांगायचा राहिला. कुतैबा बिन मुस्लिम यांनी हिजरी ९३ मध्ये समरकंद घेतले, ते दगा करून घेतले, अशी तक्रार तेथील लोकांनी हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्याकडे केली. तक्रार करणारे मुस्लिम नव्हते. खलीफांनी काजी नेमून चौकशी करवली. तबरी व बलाजुरी या दोघांनीही नोंदवलेला निकाल असा की, मुस्लिम लष्कराने शहर सोडून आपल्या छावणीत जावे आणि मग बरोबरीने नवा तह करावा अथवा लढावे. समरकंदकरांनी हा निकाल ऐकला, आपसांत विचार केला आणि सांगितले की, आता नव्या युद्धाची आम्हाला गरज नाही, आहे तेच राहू द्या.