गोळी सुटल्यानंतर

वायोमिंगच्या डोंगरात गोळी लागून एल्क जातीचे हरीण पडते तेव्हा त्याचे अंग ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असते. थंडीसाठी वाढलेली दाट लव आणि जाड कातडे ही ऊब जिवंतपणी धरून ठेवतात, तशी मेल्यावरही धरून ठेवतात. बाहेर गारठा असला तरी मागच्या मांडीत, खुब्याच्या हाडापाशी, मांस तासन्‌तास गरम राहते आणि तिथूनच नासायला लागते. वरून लालबुंद दिसणारा फरा कापला की हाडाजवळ हिरवट रंग आणि उग्र दर्प. म्हणून जाणते शिकारी फोटोबिटो नंतर काढतात. आधी पोट साफ करतात, कातडे सोलतात, चारही फरे सुटे करून हवा खेळेल अशा सुती पिशव्यांत सावलीला टांगतात. मग घरचा रस्ता, कधी थेट टेक्ससपर्यंत, दीड-दोन दिवसांचा. जाड भिंतींच्या कूलरमध्ये पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या ठेवायच्या, वितळलेले पाणी तोटीतून काढत राहायचे, कारण पाण्यात भिजत पडलेले मांस फिके पडते आणि लवकर वास मारते. पारा चार अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. ड्राय आइस उणे ७८ अंशांचा, त्यामुळे तो मांसाला थेट टेकवायचा नाही, आणि गाडीच्या काचा जरा उघड्या ठेवायच्या. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद गाडीत साचला तर मांस टिकेल, चालक टिकणार नाही.

हा सगळा खटाटोप पाकशास्त्राचा किंवा आरोग्याचा वाटतो. माझे म्हणणे असे की शिकारीतला नीतीचा प्रश्न खरा इथेच सुटतो किंवा बिघडतो. शिकारीवर वाद घालणारे बहुतेक लोक, दोन्ही बाजूंचे, मारण्याच्या क्षणापाशी थांबतात. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत याने १९४२ साली शिकारीवर गाजलेले चिंतन लिहिले. त्याच्या लेखी मृत्यूमुळेच शिकारीला शिकारपण येते. घरी परतण्याच्या रस्त्याचे त्याला फारसे अगत्य नाही. पण आजचा शिकारी आपल्या कृत्याचे जे समर्थन देतो ते ‘खाण्यासाठी मारले’ असे असते, आणि हे विधान गोळी सुटताना खरेही नसते, खोटेही नसते. तो वायदा असतो. जनावराने आपली बाजू रोखीने चुकती केलेली आहे, शिकाऱ्याची उधारी बाकी आहे. मांस नासले तर ‘खाण्यासाठी’ हे कारण मागाहून खोटे पडते, आणि उरते ते नुसते मारणे.

अलास्काच्या कायद्याने ही गोष्ट बऱ्यापैकी ओळखली आहे. मूस जातीचे मोठे नर हरीण मारले की सव्वादोनशे किलोपर्यंत खाण्याजोगे मांस निघते. मान, छाती, बरगड्यांवरचे मांस, फरे, पाठीचे पट्टे हे सगळे रानातून बाहेर आणणे शिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि टाकून दिले तर तुरुंगाची पाळी येऊ शकते. आधी मांस, मग शिंगे, असा क्रमही ठरलेला आहे. म्हणजे मिरवायची वस्तू रांगेत शेवटी. आपल्याकडच्या संस्थानी वाड्यांत भिंतींवर लटकणारी मुंडकी पाहिली की हा क्रम किती उलटा होता ते कळते. त्या जनावरांच्या मांसाचे काय झाले, हे मुंडक्याखालच्या पाटीवर लिहायची कोणाला गरज वाटली नाही. अलास्कातही तपकिरी अस्वलाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी उलटेच आहे: कातडे आणि कवटी आणायची, मांस आणायची सक्ती नाही. अस्वल मारताना खाण्याची सबब कायद्यालाच फारशी खरी वाटत नसावी.

यावर पहिला आक्षेप आपल्या परंपरेतूनच येईल. जीव घेणे हेच पाप, मग त्याचे मांस बर्फात ठेवले काय आणि उन्हात टाकले काय! जैन विचाराच्या माणसाला बर्फाने पाप धुतले जाते असे मी सांगणार नाही, ते धुतले जात नाहीच. पण कृत्य एका क्षणात संपते हे मात्र आपल्या परंपरेलाही मान्य नाही. मनुस्मृतीत घातक कोण याची यादी आहे. संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, असे आठ जण तिथे एका माळेत ओवले आहेत. दोष जर ताटापर्यंत वाहत जातो, तर जबाबदारी मधेच रानात कशी थांबेल? आणि महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकत बसलेला असतो, स्वतः मारत नाही. तोच तपस्वी कौशिकाला बजावतो की नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात. आपले हात निर्मळ आहेत असे समजून चालणाऱ्याला तो सोडत नाही. मारण्याबद्दल मतभेद असू द्या. मारून वाया घालवणे ही मात्र दुसरी, वेगळी चूक आहे, आणि ती पहिल्या चुकीत विरून जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. रानात काही वाया जात नाही, टाकलेल्या मांसावर कावळे, कोल्हे, अस्वले, शेवटी किडामुंगी जगतात. खरे आहे, सृष्टीच्या हिशेबात एक घासही बुडीत जात नाही. पण शिकाऱ्याने परवाना कावळ्यांना जेवू घालायला काढलेला नव्हता. मेलेल्या मूसला कसली फिकीर, हेही बरोबरच. अन्याय मेलेल्यावर होतो असे माझे म्हणणे नाही. फसतो तो शिकाऱ्याचा स्वतःचा शब्द, आणि त्या शब्दाच्या भरवशावरच समाजाने त्याला बंदूक उचलू दिलेली असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: नशिबाचे काय? घाटात गाडी बंद पडली, अवकाळी उष्मा आला, नदीला पूर येऊन काठावर विमान उतरू शकले नाही. प्रयत्न पूर्ण केलेल्या माणसाला दोषी कसे धरायचे? धरू नये. पण ‘नशीब’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींतल्या बऱ्याचशा गोळीच्या आधीच दिसत असतात. सप्टेंबरातली उन्हाने तापलेली दुपार, रस्ता दहा-बारा किलोमीटर लांब, सोबतीला एकच माणूस, आणि समोर पाचशे किलोंचा नर मूस. तो पाडला तर रात्रीपर्यंत निम्मे मांसही सावलीत पोचणार नाही, हे गणित तिथे उभ्या उभ्या करता येते. म्हणजे बर्फाची, वाहतुकीची, माणसांच्या खांद्यांची सोय हाच चाप ओढण्याचा अधिकार ठरवतो. नेम कितीही पक्का असो, थंडावा हाताशी नसेल तर ती गोळी मारायची नसते.

अलास्काच्या उत्तर टोकाला उत्किआगविकच्या इन्युपिआत लोकांना हे कोणी शिकवायला लागले नाही. बारमाही गोठलेल्या जमिनीत खोल खणलेली तळघरे हे त्यांचे पारंपरिक शीतगृह. बोहेड देवमाशाच्या वसंतातल्या शिकारीआधी ही तळघरे घासूनपुसून साफ करतात, कारण ज्याचे तळघर स्वच्छ असते त्यालाच देवमासा स्वतःला देतो, अशी श्रद्धा आहे. शिकारीनंतर मांस गावभर वाटले जाते. श्रद्धा बाजूला ठेवली तरी तिच्यातला हिशेब चोख आहे: आधीचे देणे फिटले, साठवायला नीट जागा झाली, की मगच नवीन जीव मागायचा. आता तिथली जमीन वितळू लागली आहे, काही तळघरांत पाणी शिरते आहे. मांस सांभाळण्याची आजवर निसर्गाने उचललेली बाजू त्यांना यंत्रांवर सोपवावी लागते आहे.

टेक्ससच्या शिकाऱ्याचा कूलर घरी पोचला म्हणजे वायदा फिटला, असे मात्र या हिशेबाने म्हणता येत नाही. गराजमधल्या फ्रीजरच्या तळाशी दोन हंगामांपूर्वीची पाकिटे पडलेली असतात, कडा पांढऱ्या पडून सुकलेली, आत काय आहे ते न लिहिलेली. नवीन एल्क आला की जागा करायला ती कचऱ्यात जातात. त्यासाठी कोणी तुरुंगात जात नाही. अमेरिकेत शिकारीचे मांस भुकेल्यांच्या स्वयंपाकघरांत पोचवणाऱ्या संस्था आहेत, त्यांना फोन करायचा तो पाकीट ताजे असताना. परवान्याच्या अर्जावर गेल्या वर्षीचे मांस संपले का, असा एक रकाना असता तर किती जणांना तो खरेपणाने भरता आला असता?